कुकरमधला कॅमेरा

सुपडूभाऊ,

तुमच्या कपाटातल्या बरणीतलं सिलिका जेल पार गुलाबी झालं होतं. काल मी ते तव्यावर टाकलं, मंद आचेवर हलवत बसले, आणि निळं झाल्यावर पुन्हा बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. हे खडे हवेतली ओल ओढून घेतात, ओढून ओढून गुलाबी होतात आणि भाजले की परत निळे होतात, हे तुम्हीच शिकवलेलं. आता कुणाच्या कॅमेऱ्याची ओल ओढायची आहे, ते मला विचारू नका. तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला. भुसावळच्या स्टुडिओची किल्ली माझ्याकडे आली आहे. तिथं गेले तर हाताला दुसरं काही काम सापडेना.

तुमच्या मागे माणसं बसायला आली. प्रत्येकानं तेच सांगितलं की सुपडू म्हणजे देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी पाणी देत फिरत होते. पण मनात म्हटलं, यांना काय ठाऊक. तुम्ही अध्यातही होता आणि मध्यातही होता. आमच्या घरात तर असे मध्ये आलात की मळ्यातली एक विहीर कायमची तशीच राहिली. त्या विहिरीची आणि तुमच्या बुडालेल्या कॅमेऱ्याची गोष्ट गावात निम्म्या लोकांना माहीत आहे, पण ते ती हसायला सांगतात. आपणही हसूनच बोलायचो. मला ती एकदा न हसता तुम्हालाच सांगायची आहे.

मी धरणगावाहून लग्न होऊन यावलकडच्या या केळीच्या गावात आले, तेव्हा तुम्ही वयानं माझ्याहून थोडे मोठे, पण नात्यानं धाकटे दीर. त्यामुळं दोन्हीकडून अहो-जाहो. मी तुम्हाला भाऊ म्हणायची, तुम्ही मला वहिनी. पहिल्याच आठवड्यात मी माहेरच्या बोलीत ‘आहे’च्या जागी ‘शे’ घालून ‘दूध चुलीवर शे’ म्हणाले आणि तुम्ही दिवसभर घरात ‘शे शे’ करत फिरलात. मला राग यायला हवा होता. पण उलट बरं वाटलं, की या घरात भांडायला कुणीतरी आहे.

आधीची दोन लेकरं गेली म्हणून सासूबाईंनी तुम्हाला जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. जपून राहण्याची सवय तुम्हाला तिथूनच लागली असावी. गॅसचं बटण दोनदा बघणार. सायकलला कुलूप लावून दहा पावलं गेलात की परत येऊन ओढून बघणार. पावसाळ्यात कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा पुन्हा पिशवीत. तुमचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, तुम्हाला ‘भित्रं’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाहुण्यांसमोर म्हणायचे. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. “भेतो म्हनूनच कॅमेरा टिकला,” एवढंच.

आणि अशा माणसाला पाण्याखालचे फोटो काढायची लहर यावी. भुसावळला रेल्वेच्या वाचनालयात तुम्ही कुठल्याशा इंग्रजी मासिकात समुद्रातल्या माशांचे रंगीत फोटो पाहिलेत आणि महिनाभर दुसरं काही बोलला नाहीत. आपल्याकडे समुद्र कुठला? पण विहिरी होत्या, विहिरींत कासवं होती, आणि पंप, पाइप, नटबोल्ट यांना तर या भागात कधीच तोटा नव्हता. तुम्ही आठ इंची पाइपचा तुकडा घेतलात, एका बाजूला टोपण चिकटवून ते बुजवलंत, दुसऱ्या बाजूला पाट्या रंगवणाऱ्याकडून आणलेल्या जाड पारदर्शक प्लास्टिकची चकती बोल्टांनी आवळलीत. बाहेरून बटण दाबायला आणि रोल पुढं सरकवायला दोन सळया काढल्यात, आणि त्या जिथून आत जात होत्या तिथं पाण्याच्या मोटारीला भरतात तशी ग्रीसमध्ये बुडवलेली ग्लँडदोरी ठासलीत. ही कॅमेऱ्याची पेटी पाण्यावर तरंगायला लागली म्हणून खाली वजनाला जुन्या पंपाचा पंखा बांधलात. सगळं जमलं, फक्त चकती आणि पाइप यांच्यामधून पाणी झिरपत होतं.

मग एका सकाळी माझा कुकर शिट्टीच देईना. झाकण उघडून बघते, तर आत रिंगच नाही.

“माह्या कुकरची रिंग कुठी हाये?” मी ओट्यावरूनच विचारलं.

“वहिनी, रागावू नका. मीनं नेली. तेवढं मापाचं गोल रबर आज कुठी भेटत नही.”

“आन वरन?”

“आज पातेल्यात करा ना. पह्यलेचे लोक करतच होते.”

दुसरी रिंग आली ती पुढच्या बाजाराला. पण एक झालं, त्या दिवसापासून पेटीवर माझाही हक्क लागला. रिंग ताणून तडा कसा बघायचा, कोमट पाण्यात धुऊन सावलीत कशी वाळवायची, हे मी तुम्हाला शिकवलं. बाकीचं तुम्ही मला. आधी रिकामी पेटी बुडवायची, आत वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. रिंगवर केस नको, वाळूचा कण नको. ग्रीस लावायचं ते नुसती चमक येईल एवढंच, जास्त लावलं की धूळ धरतं. वर आल्यावर आधी डोकं पुसायचं, मग पेटीचं तोंड खाली करून उघडायची, म्हणजे कडेचे थेंब आत न जाता बाहेर पडतात. मी हे सगळं एखाद्या व्रताच्या नियमांसारखं पाठ केलं होतं. कासवाचा एक फोटो तर इतका छान आला होता की सासूबाईंनी तो देवघराशेजारी लावला.

मग तो उन्हाळा आला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, माझ्या लग्नाला जेमतेम चार वर्षं झाली होती. मळ्यातल्या मोठ्या विहिरीला पाणी कमी यायला लागलं आणि आबांनी, तुमच्या वडिलांनी, गाळ काढायचं ठरवलं. मोटार लावून विहीर कोरडी करायची, मग माणसं खाली उतरणार आणि काठावर उभी केलेली यारी क्रेनसारखी गाळ वर ओढणार. आबांचा नियम जुना होता. परक्याच्या लेकराला विहिरीत पाठवायचं, तर आधी घरचं माणूस उतरलं पाहिजे. आबांचे गुडघे गेलेले, तुम्ही भित्रे ठरलेले. म्हणजे उतरणार होते ते हेच.

तुम्ही कासवाच्या मागं म्हणून विहिरीत गेला होता आणि वर आलात ते तोंड उतरवून. जेवायला बसल्यावर सांगितलंत की पूर्वेकडचं बांधकाम पाण्याखाली सुटलंय, दगड हाताला हलतात आणि मागं पोकळ लागतं.

“पानी हाये तवर पानीच भित धरून हाये,” तुम्ही म्हणालात. “उपसलं का भित आत येईन.”

“तुले तं न्हानीत बी भित पडताना दिसते,” हे म्हणाले.

तरी हे दुसऱ्या दिवशी बुडी मारून बघून आले. यांना दगड पक्के लागले. मग दोघांची जुंपली. तू भलतीकडेच हात लावला, नाही तूच लावला. आबा शांतपणे ऐकत होते. यारीवाल्यांना सांगावा गेला होता, त्यांचं येणं दोन दिवसांवर होतं. शेवटी आबा म्हणाले, “हाताचं सोडा. डोयाले दाखव. दिसलं तं थांबवतो, नही दिसलं तं तोंड बंद.”

विहीर कोरडी झाल्यावर आत पहिला उभा राहणारा माणूस माझा नवरा होता, आणि भिंत सुटली आहे हे खरं की खोटं, ते आता तुमच्या त्या पाइपच्या तुकड्यावर ठरणार होतं.

यारीवाले यायच्या आदल्या दिवशी आपण दुपारी मळ्यात गेलो. सूर्य डोक्यावर आल्याशिवाय विहिरीत खालपर्यंत उजेड जात नाही, आणि तो थोडाच वेळ टिकतो. रिकामी पेटी बुडवून बघितली, कागद कोरडा निघाला. मग कॅमेरा आत ठेवायला पेटी उघडलीत आणि रिंग पुन्हा पुसायला तुम्हाला काहीतरी स्वच्छ हवं होतं. निघताना देव्हाऱ्यातून वातींचा कापूस घेतला होतात, माझ्या माहेरून आलेला, सरकी काढून पिंजलेला, पांढराशुभ्र. यात चुकलं काय, हे आपल्या भागातल्या कुणालाही विचारा. कापसाहून स्वच्छ आपल्याकडे काही नसतंच. देवापुढं तोच, जखमेवर तोच, अत्तर लावून पाहुण्याच्या कानातही तोच. तुम्ही त्या बोळ्यानं रिंग गोल गोल पुसलीत, बसवलीत, बोल्ट आवळलेत आणि उतरलात.

दोन बुड्या नीट झाल्या. प्रत्येक वेळी वर येऊन तुम्ही मान हलवलीत. तिसऱ्या बुडीत पाण्यावर बुडबुडे आले. तुमच्या तोंडातून येतात तसे नाहीत, बारीक, एका रेघेत. वर आलात तेव्हा पेटी निम्मी भरली होती आणि कॅमेरा आत तिरपा पडून पाण्यात होता.

हे धावत आले. “आन इकडे, उघड, पानी सांडून दे, उन्हात ठेव.” यारीची जागा बघायला आलेला एक जण म्हणाला, तांदळात पुरा. दुसरा म्हणाला, राखेत. तुम्ही पेटी छातीशी धरलीत आणि ओरडलात, “कोनी हात लावू नका.” तुम्ही घरात कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळं सगळे मागं सरले.

मग तुम्ही मला सांगितलंत, फक्त मला, हळू. कॅमेरा वाचवायचा तर आत्ताच उघडायला हवा. रोल काढून टाकायचा, पाणी निथळवायचं, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं आतून धुवायचं, मग स्पिरिटनं, आणि लगेच वाळवायचा. जितका उशीर, तितका गंज. पण उन्हात उघडला की रोल गेला, आणि रोल गेला की फोटो गेला. रोल वाचवायचा असेल तर अंधाऱ्या खोलीपर्यंत कॅमेरा उघडायचाच नाही, आणि ओला रोल सुकूही द्यायचा नाही, सुकला तर वेटोळी एकमेकांना चिकटतात. म्हणजे अख्खा कॅमेरा तसाच पाण्यात बुडवून भुसावळपर्यंत न्यायचा.

मी विचारलं, “कॅमेऱ्याचं काय होईन?”

तुम्ही पेटी घेऊन चालायला लागलात. म्हणालात, “घरी चला. माठातलं पानी लागन. गार पाहिजे, गरम पान्यात फिलमवरचा थर सुटतो.”

ऐन वैशाखात घरातला प्यायच्या पाण्याचा माठ तुम्ही माझ्या कुकरमध्ये रिता केलात. खोल भांडं, घट्ट झाकण, धरायला दांडा, त्याहून चांगलं घरात दुसरं काही नव्हतं. कॅमेरा त्यात उतरवलात आणि आपण दोघं एसटीत बसलो. मी यायचं कारण एवढंच की बाईच्या मांडीवर कुकर असला तर कुणी काही विचारत नाही. तरी कंडक्टरनं विचारलंच.

“काय ताई, डबा कोनाले?”

“डबा नही. कॅमेरा हाये.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे बघितलं, तिकिटं फाडली आणि पुढं गेला. ही गोष्ट लोक हसायला सांगतात ती इथपर्यंतच. पुढचं त्यांना माहीत नाही, कारण ते आपण दोघांखेरीज कुणी ऐकलं नव्हतं. गाडी तापीच्या पुलावर आली तेव्हा मला राहवलं नाही. कॅमेरा तुमचा एकच होता. लग्नसराई ऐन भरात होती, पुढच्या आठवड्यापासून तुमच्या ऑर्डरी होत्या.

मी म्हटलं, “भाऊ, कॅमेरा एकच हाये तुमचा.”

तुम्ही म्हणालात, “भाऊ बी एकच हाये, वहिनी.”

आणि लगेच खिडकीकडे तोंड करून म्हणालात, “हे त्याले सांगू नका. डोक्यावर बसन.”

मी सांगितलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून सांगितलेलं नाही.

स्टुडिओत तुम्ही कुकर घेऊन अंधाऱ्या खोलीत गेलात. मी बाहेर, डोंगर आणि तळं रंगवलेल्या त्या पडद्यापुढं स्टुलावर बसले. लोक तिथं हसून फोटो काढून घेतात. माझ्या मनात एकच चालू होतं की काही दिसू दे. मग वाटलं, असं कसं मागते आहे मी, आपली विहीर फुटकी असू दे म्हणून देवाला सांगते आहे. संध्याकाळ व्हायला तुम्ही बाहेर आलात. बहुतेक फोटोंवरचा थर सुटून वाहून गेला होता. एक राहिला होता, तोही निम्मा. त्याचा कागद तुम्ही काढलात, ओलाच माझ्यापुढं धरलात. दगडांच्या रांगा दिसत होत्या. आणि मधोमध एक काळा भाग होता, तळहाताएवढा.

“हेच ते,” तुम्ही म्हणालात.

मी बघत राहिले. मला ती पोकळी वाटली, मग डाग वाटला, मग पुन्हा पोकळी. मी कागद तसाच तुमच्या हातात परत दिला. माझं मन तेवढ्यावरून तुम्हाला कळलं असणार.

सकाळी यारीवाले मोटार जोडून थांबले होते. आबांनी चष्मा पुसून फोटो बघितला, यांनी बघितला, यारीवाल्यांनी बघितला. हे म्हणाले, “हा तं डाग हाये. फिलमवर पानी गेलं, त्याचा डाग.” तुम्ही म्हणालात, “डाग नही, पोकय हाये.” यांनी पुन्हा तेच म्हटलं, तुम्ही पुन्हा तेच. शेवटी आबांनी विचारलं, “कॅमेरा कुठी हाये?”

“भुसावयले. खोलून ठेवला.”

“चालन?”

“सांगता येत नही.”

आबा बराच वेळ फोटो उलटसुलटा करत होते. मग म्हणाले, “मले बी यातलं काही समजत नही. डाग असन, पोकय असन. पन ज्यानं या कागदासाठी सोताचं पोट पान्यात घातलं, त्याचं मी ऐकतो. मोटार काढा.”

मोटार काढली. त्या उन्हाळ्यात बोअर घेतलं आणि विहिरीचं पाणी एका खुणेच्या खाली कधी जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. त्यानंतर तिच्यात कुणी उतरलं नाही.

कॅमेऱ्यावर तुम्ही जीव तोडून मेहनत घेतलीत, हे मी बघितलं आहे. पांढऱ्या कापडावर एकेक स्क्रू ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडलेला. शुद्ध पाणी, मग स्पिरिट, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून त्याची ऊब. फुंकर मारायची नाही, तोंडातली ओल जाते. तेल घालायचं नाही. घाई करायची नाही. महिन्याभरानं त्याचं बटण दाबलं गेलं, पण आतला पडदा मध्येच अडकायचा, कधी अडकेल ते सांगता येत नव्हतं. असा कॅमेरा घेऊन कुणाच्या लग्नात उभं राहणार? त्या सगळ्या लग्नसराईत तुम्ही दुसऱ्या फोटोग्राफरबरोबर हातात दिवा धरून उभे राहिलात. आपल्याच गावातल्या एका लग्नात मी तुम्हाला तसं बघितलं, दिवा उंच धरलेला, उष्णतेनं डोळे बारीक झालेले. मी पंगतीतून उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं, मला उकडतंय.

आणि विहीर पडली नाही. ती पडली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. एखाद्या पावसाळ्यात रात्रीतून आत कोसळली असती, तर गाव तुमच्या पाया पडलं असतं. पण पाणी खुणेच्या खाली गेलं नाही, आणि भिंत जागची हलली नाही. दर उन्हाळ्यात हे जेवताना म्हणायचे, “इहीर उभी हाये बरं का रे सुपडू.” तुम्ही म्हणायचा, “पानी हाये म्हनून उभी हाये.” सगळे हसायचे. मीही हसायची. नुकसान झालं तर ते सगळ्यांना दिसतं, टळलं तर ते दाखवायचं कुणाला? पेटीत पाणी शिरलं तो दिवस गावाला आठवतो. पाणी शिरलं नाही असे किती दिवस गेले, ते कुणाला आठवणार.

पुढं भुसावळ-जळगावकडचा कुणाचाही कॅमेरा पावसात भिजला, नदीत पडला, की तो तुमच्याकडे यायला लागला. तुम्ही आलेल्या माणसाला आधी एकच विचारायचा, “उघडला का?” नाही म्हणाला तर तुमचा चेहरा फुलायचा. नवा कॅमेराही तुम्ही यथावकाश घेतलात. जिल्ह्यातली निम्मी लग्नं काढलीत, स्वतःचं तेवढं राहून गेलं.

आपलं भांडण मात्र चालूच राहिलं. त्या दिवशी पाणी शिरलं कशानं? तुम्ही म्हणायचा, कापसानं. रिंगखाली एखादा तंतू राहिला असणार, डोळ्याला न दिसणारा, आणि त्या वाटेनं पाणी आत आलं. मी म्हणायची, माझ्या माहेरच्या कापसाला बोलायचं काम नाही, तुमची ग्लँड सैल होती. “धरनगावचा कापूस,” तुम्ही मुद्दाम मान हलवून म्हणायचा. “चांगला हाये हो, पन पान्यात उतरवन्यासारखा नही.” दिवाळीला वाती वळायला बसले की तुम्ही हमखास दारात उभे. मला खरं तर पहिल्यापासून माहीत होतं की कापूसच असणार, बुडबुडे रिंगच्या बाजूनं येत होते. पण ते मान्य केलं असतं तर तुम्ही दिवाळीला दारात येऊन काय बोलला असता?

शेवटी जळगावच्या दवाखान्यात तुम्हाला बघायला आले. डोळे पिवळे झाले होते आणि पोटावर सूज होती. डॉक्टर बाहेर यांच्याशी बोलत होते. मी संत्रं सोलत बसले होते. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, “वहिनी, ती ग्लँडच असन. कापूस नसन.”

दहा-बारा वर्षं जे भांडण तुम्ही तसूभर सोडलं नव्हतं, ते असं सहज सोडून दिलंत. तेव्हाच मला कळलं की तुम्ही निघालात. डॉक्टर बाहेर काय सांगत होते ते मग मी ऐकलं नाही, ऐकायची गरजच उरली नाही.

मी म्हटलं, “नही भाऊ, कापूसच होता.” तुम्ही हसलात. पण बोलला नाहीत, उलटून काहीच बोलला नाहीत. त्याचा मला अजून राग आहे. माणसानं जाताना हरून जाऊ नये, निदान माझ्याशी तरी.

एक गोष्ट राहिली, आणि तीच सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. कशाचे मानायचे, हेच कुणाला ठरवता येत नव्हतं. तो डाग होता की पोकळी, ते आता कधीच कळणार नाही. कदाचित विहीर पक्कीच असेल, हे उतरले असते, गाळ काढून वर आले असते आणि पोटभर जेवले असते. कदाचित नसेलही. मला ते जाणून घ्यायचं नाही. त्या सकाळनंतर हे रोज संध्याकाळी मळ्यातून घरी आले, आणि दर वेळी त्यांची चप्पल दारात वाजली की मला त्या ओल्या कागदावरचा काळा भाग आठवला. तुमच्यामुळं मला संसार मिळाला असं मी सिद्ध करू शकत नाही, भाऊ. पण मी तसंच धरून चालले आहे, आणि त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आणि आता परवाचं सांगते. यंदा बोअरचं पाणी ओसरलं आहे, केळीला पुरत नाही. परवा एक यारीवाला आला, नवीनच आहे, वरणगावकडचा. तुम्ही गेल्याचं त्याला माहीत होतं, आधी दोन शब्द बोलला आणि मग विषय काढला. जुनी विहीर मोकळी करून देतो म्हणाला, भरपूर पाणी लागेल. मी दारात उभी होते. वाटलं, हे हो म्हणणार. गेली इतकी वर्षं त्या डागाला हसणारा माणूस, आणि बाग डोळ्यादेखत वाळते आहे.

हे म्हणाले, “त्या इहिरीत कोनी उतरनार नही.”

“काबरं, भाऊ?”

“सुपडू नही म्हनतो.”

यारीवाल्याला काही समजेना. तो चाचरत म्हणाला, “पन भाऊ... ते तं गेले ना.”

“म्हनूनच तं,” हे म्हणाले. “तो असता तं पुन्हा इचारलं असतं. आता इचारता येत नही. त्यानं सांगतलं तेच.”

मग ते घरात आले, माझ्याजवळून गेले आणि मोरीवर बराच वेळ तोंड धूत राहिले. मी चहा टाकला. सुपडूभाऊ, तुमच्या भावानं तुमचं ऐकलं होतं ते तेव्हाच. कबूल केलं ते परवा, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हता.